डॉक्टरीणबाईंच्या मापाची गाडी

वडील गाड्यांचे पत्रे ठोकायचे. मुलगा इंजिनाकडे वळला आणि हातोडी आली मुलीकडे. पन्नाशी उलटली तरी सगळं गॅरेज तिला ताईच म्हणायचं, धाकट्या भावासकट. चेपलेली गाडी ती अशी सरळ करायची की मालकानेच विचारावं, आपटली होती ती हीच का?

पण कोऱ्या पत्र्यातून आख्खी गाडी तिने कधी घडवली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फोटो घेऊन आल्या, तो एका जुन्या, बिनछपराच्या दोन सीटच्या गाडीचा. लांबलचक बॉनेट, ठेंगणी दारं, गोलाईदार पाठ.

"लहानपणापासून जीव आहे हिच्यावर," बाई म्हणाल्या. त्या ताईच्या खांद्याला जेमतेम लागत होत्या. "पण आत बसले की बॉनेटपलीकडचं दिसत नाही. उशी घेतली तर पाय पोचत नाहीत. गावाला दृष्टी देते आणि मलाच रस्ता दिसेना! अशीच, पण माझ्या मापाची करून द्याल?"

"देते," ताई म्हणाली.

बाई गेल्यावर भावाने विचारलं, "केलीयस कधी?"

"नाही. पण पत्रा तोच आणि हातोडीही तीच."

आधी लाकडाचा सांगाडा उभा राहिला. ताईने बाईंना त्यात खोक्यावर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांपासून समोरच्या जमिनीपर्यंत दोरी ताणली. बॉनेट या दोरीखालीच राहायला हवं. इंजिन मात्र चार बोटं वर येत होतं.

"इंजिन हलणार नाही," भाऊ म्हणाला. "जुन्या गाडीत ते असंच ताठ उभं असतं."

"मग नाकापेक्षा मोती जड!"

झालं, बहीणभावाचा अबोला सुरू. पण वहिनी दोघांना मिळून एकच डबा द्यायची, त्यामुळे तो फार टिकला नाही. भाजी वाढता वाढता भाऊ पुटपुटला, "एका कुशीवर निजवलं तर बसेल. फक्त उजव्या अंगाला बॉनेट थोडं फुगवावं लागेल."

"तू निजव. फुगवटा माझ्याकडे लागला."

पहिला फुगवटा टेंगळासारखा दिसला. दुसरा बरा होता, तरी तिने तोही कापून टाकला. तिसऱ्याला वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून हलक्या हाताने ठोकत गेली आणि वळण पार दिव्यापर्यंत ओघळत नेलं. भावाने त्यावरून तळहात फिरवला आणि नट आवळायचे पाने शोधायला गेला. त्याची शाबासकी अशीच असायची.

गाडी गर्द हिरव्या रंगात बाहेर पडली. पेट्रोल पंपावर एका जाणकाराने बाईंना अडवलं. "मूळ गाडीला हा फुगवटा नसतो."

"मूळ गाडीत मीही नसते," बाई म्हणाल्या आणि थेट गॅरेजवर आल्या. "ताई, बसा शेजारी."

ताई बसली. गाडी बाईंच्या मापाची, त्यामुळे तिचं डोकं काचेच्या वर. वाऱ्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"थांबवू का?"

"कशाला? डॉक्टर शेजारीच आहेत की," ताई ओरडली. "पुढच्या वळणावरून परत फिरवा आणि गॅरेजवरून न्या. भाऊ दारातच उभा असेल, बघू दे त्याला!"