कुसुमचा हात

मंडळी, आज नातीला घेऊन अंधेरीला डोळ्यांच्या थेरपीला गेलो होतो. तिला चष्म्याचा नंबर नाही, तरी वाचताना ओळी सोडते. तिथल्या मॅडमनी तिचा एक डोळा झाकला आणि पोरगी धडाधड वाचायला लागली!

"दोन्ही डोळे जोडीनं काम करत नाहीत, म्हणून अक्षरं डबल दिसतात. व्यायामानं सुधारतं," मॅडम म्हणाल्या.

मला एकदम आमची शाळा आठवली.

पन्नासच्या दशकात, मढच्या आमच्या एका खोलीच्या शाळेत, माझी धाकटी बहीण कुसुम एक डोळा तळहातानं झाकून वाचायची. "नाटकं करू नकोस गं!" म्हणत मी तिचा हात खाली दाबून धरायचो. मास्तरांनीच ते काम दिलेलं, त्यामुळे मी जाम खूश. मग ती अडखळायची आणि सगळे हसायचे. चौथीत तिची शाळा सुटली, आईबरोबर मासळी विकायला बसली.

घरी येऊन तिला फोन केला. सगळं सांगून माफी मागितली. तुम्ही दुसरं काय केलं असतंत?

ती म्हणाली, "पेपर वाचताना अजून डोळा झाकते रे दादा. पण कोणी आलं की हात खाली घेते."