मुखपृष्ठावरचा नीलपंख

सुभेदार आनंदराव जाधव, म्हणजे आम्हा सर्वांचे अण्णा, यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, हा आग्रह खुद्द अण्णांचाच. संपादकांनी मला वगळलं असतं तरी मी तक्रार केली नसती. आमच्या पक्षीमित्र मंडळाचा चिटणीस या नात्याने पाखरांच्या फोटोंवर जलरंगाचे नि तैलरंगाचे इफेक्ट चढवण्याविरुद्ध मी वर्षानुवर्षं बोलत आलो आहे. आणि हे काम सातारा-सांगली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सर्वांत उत्तम कोण करतं, तर अण्णा.

त्यांची माझी पहिली भेट साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या पुढे वीर धरणावर झाली. मी साताऱ्याच्या शाळेतून विज्ञानशिक्षक म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो आणि चक्रवाकांच्या एका जोडीसाठी सकाळपासून चिखलात पोटावर पडून होतो. जोडी टप्प्यात आली तोच मागून लष्करी आवाजात कुणीतरी म्हणालं, पाव्हणं, च्या घ्या. चक्रवाक उडाले. उडालेली जोडी अण्णांनी उभ्या उभ्या टिपली, डाव्या हातात थर्मास तसाच धरून. आठवड्याने तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला, तोही जलरंगात. पंखांच्या कडा पाण्यात विरघळल्यासारख्या पसरलेल्या, मागचं धरण नुसती निळी ओल झालेलं. सगळा ग्रुप वेडा झाला. त्याच दिवशी मी टाकलेल्या शेकाट्या पक्ष्याच्या फोटोला दोन अंगठे मिळाले, त्यांतला एक आमच्या सौभाग्यवतींचा होता.

खरं सांगायचं तर मी जळलो. तेव्हापासून जळतोच आहे. गौरवलेखात असं लिहीत नाहीत हे मला कळतं, पण दुसऱ्या कुठल्या शब्दात ते बसत नाही.

अण्णांच्या कामाविषयी लिहायचं तर ते शिस्तीचं आहे हे पहिल्यांदा मान्य करावं लागतं. सैन्यातून आल्यावर कुंडलला उसाची शेती बघता बघता साठीनंतर ते सूनबाईंकडून कॉम्प्युटर शिकले. शेतातल्या मोटारीच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं आहे, आणि एका फोटोवर ते तीन-तीन दिवस बसतात. मी मात्र लोकांना सांगत राहिलो की बटण दाबलं की होतं, त्यात काय एवढं. सांगलीला त्यांनी मंडळाच्या सदस्यांसाठी या इफेक्टचा वर्ग घेतला, तेव्हा निषेध म्हणून मी दोन तास बाहेर टपरीवर चहा पीत बसलो. वर्ग सुटल्यावर अण्णा स्वतः बाहेर आले आणि माझ्या चहाचे पैसे देऊन गेले. याचाही मला राग आला.

त्यांच्या मायेचा अनुभव सगळ्यांना आहे, मला जरा जास्तच आहे. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन झालं, तेव्हा मुलगा परदेशी. अण्णा कुंडलहून एसटीने साताऱ्याला आले, आठ दिवस आमच्याकडे राहिले, वेळच्या वेळी डोळ्यात थेंब घातले. खिडकीतून दिसणारं पाखरू मला सांगत राहिले. आमच्या सौभाग्यवती अजूनही म्हणतात, माणूस असावा तर असा. हे वाक्य मी लग्नाला चाळीस वर्षं होऊनही स्वतःबद्दल ऐकलेलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण तिच्यासाठीच अण्णांनी मला लिहायला लावलं आहे.

ऑपरेशनच्या आधी, उन्हाळ्यात, मला एक नीलपंख मिळाला. पाणी आटलेल्या तळ्यात दगडावर बसलेला. मी सरपटत सरपटत त्याच्या इतका जवळ गेलो की त्याच्या गळ्यावरच्या रेघा मोजता आल्या असत्या. उडायच्या क्षणी त्याने पंख उघडले आणि मी टिपला. आयुष्यात पुन्हा तसा फोटो मिळणार नाही. घरी येऊन बघतो तर किंचित धूसर. माझी लेन्स जुनी, फोकस हाताने करायची, आणि करणारा डोळा मोतीबिंदूचा. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं आणि त्या फोटोवर तैलरंगाचा इफेक्ट चढवला. धूसरपणा रंगाच्या फटकाऱ्यांखाली गेला. नीलपंख असा काही उजळला की मी खुर्चीत मागे टेकून स्वतःशी हसलो.

आमच्या प्रदर्शनासाठी फोटो निनावी निवडतात. प्रत्येकाच्या मागे फक्त क्रमांक असतो, आणि कुठला क्रमांक कुणाचा ती वही चिटणीसाकडे, म्हणजे माझ्याकडे. मी माझा नीलपंख त्या गठ्ठ्यात सरकवला आणि वहीत त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली. निवडला गेला तर बघू, नाही तर कुणाला कळायचं कारण नाही, असा विचार. निवड समितीतल्या पाचही जणांनी तो पहिला काढला. हा अण्णांचा हात, असं पाचही जण एकदमच म्हणाले. खात्रीसाठी मला वही बघायला सांगितली. मी कोऱ्या जागेकडे बघितलं. इतकी वर्षं ज्याच्यावर तोंडसुख घेतलं तेच मी केलं, हे त्या खोलीत सांगायला माझी जीभ रेटेना. होय, अण्णांचाच, असं म्हणालो, आणि नंतर त्या जागी स्वतःच्या अक्षरात अण्णांचं नाव लिहिलं.

सांगलीच्या प्रदर्शनात त्या फोटोपुढून गर्दी हलत नव्हती. लोक अण्णांचे हात हातात घेत होते. अण्णा फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले, मग एवढंच म्हणाले की फोटू चांगला हाय. मी कोपऱ्यात उभा राहून माझ्याच फोटोच्या कौतुकावर जळत होतो. जळणाऱ्याची याहून मोठी फजिती कुणाची झाली नसेल.

पुढे या ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी संपादकांनी तोच नीलपंख ठरवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णा आमच्या दारात. पाणी घेतलं, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, त्यो फोटू माझा न्हाई. पाखराचा डोळा मी कवाच रंगवत न्हाई. सगळीकडं रंग देतो आन् डोळ्यावरचा पुसून काढतो, जसा दिसला तसा ठेवतो. सांगलीच्या वर्गात पयली गोष्ट हीच सांगितली हुती. तवा तुमी भाईर च्या पीत हुता."

मग त्यांनी विचारलं, पोटावर सरपटत इतक्या जवळ जाणारं आपल्या मंडळात दुसरं कोण आहे. ते प्रदर्शनात का बोलले नाहीत, असं मी पुटपुटलो. चारचौघांत मास्तरांची मान खाली कशाला घालायची, हे त्यांचं उत्तर. मला वाटलं होतं, आता तरी ते म्हणतील की मास्तर, मीपण तुमच्यावर जळतो. तसं काही ते म्हणाले नाहीत. त्यांना हा रोगच नाही, आणि माझ्या जळण्याचं निम्मं कारण तेच आहे.

उठताना त्यांनी एकच अट घातली. "मुखपृष्ठावर तुमचाच फोटू राहूदे. पर खाली नाव तुमचं, आन् ते कसं ऱ्हायलं हुतं ते तुमी तुमच्या हातानं लिवा. दुसऱ्याच्या घामावर माझा सत्कार नको."

म्हणून लिहिलं. मुखपृष्ठावरचा नीलपंख मी, निवृत्त शिक्षक वसंत कुलकर्णी, याने काढला आहे. त्यावरचा इफेक्टही मीच दिला आहे, आणि त्याचा डोळा माझ्याच हाताने बिघडला आहे. निवड समितीची, सांगलीच्या प्रेक्षकांची आणि सर्वांत आधी अण्णांची मी माफी मागतो. पुढच्या महिन्यात कुंडलला त्यांचा वर्ग आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे.

अण्णांच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि ते शंभरी पार करोत. हे मी निव्वळ रीत म्हणून लिहीत नाही. एकदा तरी माझ्या फोटोखाली माझं नाव वाचून अण्णांच्या पोटात थोडंसं दुखावं, एवढी माझी इच्छा आहे, आणि माझ्या शिकण्याचा वेग बघता त्यासाठी त्यांना फार फार वर्षं जगावं लागेल.