वैशालीला आज खोक्याला हात लावू दिला नाही

बायांनो, आज बचत गटाच्या बैठकीत मी एका हुशार पोरीला रडकुंडीला आणलं.

ही वैशाली. राजूरजवळच्या आमच्या वाडीत बिबट्याची खबर द्यायला तिने भोंग्याची खोकी बनवली. एका घरी बटण दाबलं की खोक्यातून खोक्यात खबर जाते आणि घरोघरी भोंगा वाजतो. मोबाइलचा टॉवर नको, कुणी कंपनीवाला मालक नको. पैसे आमच्या गटाचे. आज ती आणखी खोक्यांसाठी मागायला आली.

मी म्हटलं, "शेजारच्या कौशीचं खोकं बंद हाय. ते कौशीच दुरुस्त करंल. मगच पैसे."

"आज्जी, पाच मिन्टाचं काम, मी करते की!"

"तू पुढल्या महिन्यात नोकरीला पुन्याला चालली. तिथून करशील व्हय? तोंडानं सांग, हात लावू नको." आणि तिच्यापुढे शेंगा टाकल्या सोलायला.

कौशी खोकं तिथंच घेऊन आली. वैशाली सांगत गेली आणि तासाभराने कौशीने खोक्यातल्या मुंग्या झाडल्या, निघालेली तार बसवली आणि बटण दाबलं. सगळ्या वाडीत भोंगा! बाया काठ्या घेऊन धावत आल्या, "कुठाय बिबट्या?"

कौशी म्हणाली, "बिबट्या न्हाई, मी हाय!"

पैसे मंजूर केले. अट एकच, प्रत्येक खोक्यामागे एक बाई शिकवून तयार करायची.

तुमच्या गावात एकाच माणसाच्या जिवावर काय चाललंय? तो गेला तर ते काम कोण करणार, त्या दुसऱ्याचं नाव लिहा खाली.