पुस्तकातला जेट आणि कतारची हवा

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा घोट तोंडात असताना नको. टेबलक्लॉथ नवा आहे.

मी कतारमधल्या रास लफानला, गॅस प्लांटवर. दुरुस्तीसाठी पाइप उघडले की वाळू शिरू नये म्हणून त्यांची तोंडं बुचांनी बंद करतात. प्रत्येक बुचाला लाल टॅग: ‘सुरू करण्याआधी काढा’, खाली नाव, सही. एकही बूच आत राहू नये हे बघणारा माणूस कोण? मी! नव्या पोरांना त्यावर तासभर लेक्चर देतो.

तर अशा या माणसाने जुनी टू-स्ट्रोक क्वाड बाइक घेतली. चार चाकांची, वाळूत पळवायची. अल रय्यानमधल्या आमच्या घरामागे अख्खं इंजिन मी स्वतः खोललं, नवा पिस्टन टाकला, परत जोडलं. किक मारली आणि सुरू! पण थ्रॉटल दाबला की भस्सकन मान टाकायची. धूर तर असा, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

“बाबा, इट्स डाइंग!” लेक ओरडली.

“काही मरत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय.”

उपाय सोपा. कार्बोरेटरमधला जेट बदलायचा. जेट म्हणजे भोक पाडलेला पितळेचा एवढासा तुकडा. भोक लहान, तर पेट्रोल कमी. गाडीच्या पुस्तकात नंबर होता १६०. मी १५० टाकला. जरा सुधारली. मग १४०.

“अहो, पोळ्यांच्या डब्यातलं मलमलचं फडकं बघितलंत का?” आतून मनीषा.

“वस्तू जागेवर ठेवायची सवय लाव ना जरा!”

काय ही माझी गुर्मी!

१३० ला इंजिन गायला लागलं हो! मी लगेच सिद्धांत मांडला: कतारच्या उन्हात हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी लागतं, पुस्तकवाल्यांना काय कळतंय! मित्रांच्या ग्रुपवर पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला. प्लांटवरच्या सतीशकडे कोरी करकरीत फोर-स्ट्रोक क्वाड. त्याने लिहिलं, “शुक्रवारी सीलाइनच्या वाळूत टेकाड चढून दाखव.”

मनीषा म्हणाली, “चढली तर राहील. नाहीतर भंगारात. मला अंगण मोकळं हवंय.”

शुक्रवारी लेकीला घेऊन टेकाडापाशी पोचलो. “यल्ला!” म्हणत सतीश सुटला आणि अर्ध्यावर रुतला. मी? धूर सोडत थेट माथ्यावर! वरून दोन्ही हात उंचावून असा ओरडलो, की खालचा उंटवालासुद्धा बघायला लागला.

“मानलं राव!” सतीश म्हणाला. “दाखव तरी आतली करामत.”

मी ऐटीत सीट काढली. जिथून इंजिनाला हवा जाते त्या डब्याचं झाकण उघडलं. लेकीने आत हात घातला आणि काहीतरी ओढून काढलं.

मलमल. काळंकुट्ट, तेलकट. पोळ्यांचं फडकं!

इंजिन उघडं असताना वाळू शिरू नये म्हणून मीच कोंबलं होतं. हवा विरळ कसली, मी तिचा गळाच दाबून धरला होता! आणि फडक्याला लाल टॅग.

लेकीने मोठ्यांदा वाचला. “रिमूव्ह बिफोर स्टार्ट... बाबा, धिस इज युअर सिग्नेचर!”

सतीश हसून हसून वाळूत लोळला.

पण चढली होती ना? मनीषा शब्दाची पक्की, गाडी राहिली. मुकाट्याने १६० चा जेट परत बसवला. आता तर नुसती उडते! फक्त प्लांटवरच्यासारखंच, तिला हात लावायचा तर लेखी परमिट लागतं. देणार मनीषा.

परवा माझा अर्ज नामंजूर झाला. कारण लिहिलं होतं: ‘अर्जदाराला वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही.’