हो म्हणणाऱ्या ताईंची निवडणूक

ताईंचं पार्लर चढाच्या रस्त्यावर होतं, बेकरीच्या समोर. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस धुवायचं एक बेसिन आणि रस्त्याकडची मोठी खिडकी. एवढ्या जागेत गल्लीतल्या सगळ्या बायका, त्यांच्या सुना, मुली आणि त्यांची गाऱ्हाणी आलटून पालटून बसत. ताई कापत जात आणि "हो ना, बरोबर आहे तुमचं," म्हणत जात.

ताई मुळात काही अशा मवाळ नव्हत्या. धंद्यानं त्यांना तसं केलं. पार्लर नवं होतं तेव्हा एका बाईच्या कपाळावरच्या बटा कापता कापता ताईंनी तिच्याशी वाद घातला होता. विषय अगदीच फालतू, मांजर हुशार की कुत्रा. "छे, मांजर कसली हुशार!" असं ताई म्हणाल्या मात्र, मांजर पाळणाऱ्या त्या बाईनं गर्रकन मान वळवली. कात्री चालूच होती. पुढे कितीतरी दिवस ती बाई डोक्याला रुमाल बांधून हिंडत होती, आणि ताईंनी कानाला खडा लावला. हातात कात्री असताना समोरच्याला विरोध करायचा नाही.

हळूहळू ही सवय अंगवळणी पडून घरातही शिरली. स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता तेव्हा नवरा म्हणाला निळा, लेक म्हणाली पिवळा, ताई दोघांनाही हो म्हणाल्या. रंगाऱ्यानं दोन्ही डबे एकत्र केले. तेव्हापासून त्यांची भिंत खोकल्याच्या औषधाच्या रंगाची होती.

तर अशा ताई निवडणुकीला उभ्या कशा राहिल्या, त्याचीच ही गोष्ट.

एका दुपारी पार्लरमध्ये दोघीजणी डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी गल्ली अजूनही मोठ्या बाई म्हणे, आणि दुसऱ्या बेकरीवाल्या वहिनी. रंग धुवायची वेळ झाली, ताईंनी नळ सोडला. नळानं एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. रस्त्याच्या टोकाला कुणीतरी कसलीतरी केबल टाकायला खणत होतं, त्यात पाण्याचा पाइप फुटला होता.

"आता हो?" वहिनी म्हणाल्या.

"आता नगरसेवकाला जाब विचारायचा," मोठ्या बाई उठल्या. डोक्याला प्लास्टिकची टोपी, गळ्याभोवती पार्लरचा काळा झगा. मागोमाग वहिनी, तशाच अवतारात. आणि त्यांच्या मागे ताई, हातात ब्रश घेऊन, कारण रंग मानेवर ओघळत होता.

नगरसेवक कार्यालयात होते, पण निघायच्या गडबडीत. त्यांना गल्लीत सगळे फीतकापे म्हणत. वॉर्डात नवा कचऱ्याचा डबा आला तरी ते फीत कापायला हजर असत. "पाहतो, पाहतो," म्हणत ते गाडीत बसले आणि कुठल्याशा दिव्याच्या खांबाचं उद्घाटन करायला गेले.

पाणी संध्याकाळी आलं. वहिनींचे काळे केस निभावून गेले. मोठ्या बाईंचे मात्र गाजराच्या रंगाचे झाले. त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि शाळेत वापरायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "या माणसाला घरी बसवलं पाहिजे. ताई, तुम्हीच उभ्या राहा."

"हो ना, बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई अर्ज घेऊनच आल्या.

ताईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर अंधाऱ्या कप्प्यात डोकं घालून काम करायचं, त्यामुळे बोलणं बेताचं. बातमी ऐकून त्यानं घास खाली ठेवला.

"तू? उभी?"

"त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि पुढे जेवू लागला.

लेकीला मात्र भलताच हुरूप आला. ती कॉलेजात होती आणि तिला मोठमोठे शब्द आवडायचे. तिनं आईच्या नावानं पत्रक लिहिलं आणि जेवणाच्या टेबलावर उभं राहून वाचून दाखवलं. "शहरासाठी माझं स्वप्न! सर्वसमावेशक आणि शाश्वत विकास!"

"शाश्वत म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"जे कायम टिकतं ते, बाबा."

"मग बेकरीसमोरचा खड्डा शाश्वतच आहे की."

"आई, सांग ना यांना!"

"हो ना," ताई दोघांकडे पाहून म्हणाल्या.

प्रचार सुरू झाला. ताई दारोदार जाऊ लागल्या, आणि जातील तिथे त्यांचं स्वागत होऊ लागलं. लोकांना असा उमेदवार कधी भेटलाच नव्हता. बसायचा, ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि आपलंच बरोबर आहे म्हणायचा. मोठ्या बाईंचं म्हणणं होतं, बसथांबा चढाच्या माथ्यावर आहे, गुडघे बोलतात, तो खाली बेकरीसमोर आणा. ताई हो म्हणाल्या. बेकरीवाल्या वहिनींचं म्हणणं, काहीही करा पण तो थांबा आमच्या दारात आणू नका, गर्दीनं आमची काच झाकली जाईल, केक दिसणार कसे? ताई हो म्हणाल्या. दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यासमोरचं झाड तोडून हवं होतं, कारण दाढेत अंधार दिसायचा. त्यांच्याच वरच्या मजल्यावरच्या काकांना त्या झाडाचं पानही तुटलेलं खपत नव्हतं. ताई आधी खाली हो म्हणाल्या, मग जिना चढून वर हो म्हणाल्या.

एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, "लिफ्टमध्ये पाटी असते, किती माणसं मावतात त्याची. तुझ्यात किती बसवलीस?"

"सगळे इतक्या प्रेमानं बोलतात हो."

"लिफ्ट अडकेपर्यंत सगळे प्रेमानंच बोलतात."

त्या रात्री ताईंना नीट झोप लागली नाही. आपण एकेकाला काय काय कबूल केलंय ते आठवून पाहिलं, तर एकाच थांब्याला दोन जागा होत होत्या आणि एक झाड एकाच वेळी उभंही होतं आणि आडवंही.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात सभा भरली. व्यासपीठावर दोन खुर्च्या, एकीवर फीतकापे, दुसरीवर ताई. समोर अख्खा वॉर्ड. फीतकाप्यांनी आपण काय काय उद्घाटित केलं ते सांगितलं. त्यात एक कारंजंही होतं, जे त्या दिवसानंतर कधी उडालं नव्हतं. मग ताईंनी लेकीचं पत्रक वाचलं. 'सर्वसमावेशक'वर जीभ दोनदा घसरली, पण टाळ्या पडल्या.

नंतर प्रश्नोत्तरं. मोठ्या बाई पहिल्याच रांगेत. "मला प्रश्न विचारायचा नाही, आभार मानायचे आहेत. थांबा बेकरीसमोर आणायचा शब्द ताईंनी मला दिलाय."

मागून वहिनी ताडकन उठल्या. "काय? आणणार नाही असा शब्द त्यांनी मला दिलाय!"

"तुम्ही ऐकण्यात चूक केली असेल."

"मी केक विकते, कान विकत नाही!"

तोवर डॉक्टर उठले होते, आणि त्यांच्या शेजारी वरचे काका. "झाड तोडणार म्हणाल्या." "झाड राहणार म्हणाल्या." सभागृहात एकच कल्ला झाला. ज्यांना ज्यांना हो मिळाला होता ते सगळे उठून आपापला हो दाखवू लागले. फीतकापे खुर्चीत रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर कारंजं उडत होतं.

"ताई," ते मायक्रोफोनमध्ये गोड आवाजात म्हणाले, "जनतेला एकदाच सांगून टाका. थांबा खाली आणणार ना?"

समोर मोठ्या बाईंचं गाजरी डोकं, मागे वहिनींचे लालबुंद गाल. नवरा दारापाशी उभा होता, लिफ्ट अडकल्यावर माणूस जसा शांतपणे उभा राहतो तसा. ताईंच्या लक्षात आलं की आज आपल्या हातात कात्री नाही. कुणी कितीही जोरात मान वळवली तरी कुणाचं काही कापलं जाणार नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की मायक्रोफोन नसता तर तो त्यांचा त्यांनाही ऐकू आला नसता.

"काय म्हणालात?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही. थांबा खाली येणार नाही. खाली वळण आहे, तिथे बस उभी राहिली तर मागची गाडी दिसत नाही. मी खिडकीतून रोज बघते." वहिनी विजयी मुद्रेनं बसायला लागल्या, तोच ताई त्यांच्याकडे वळल्या. "आणि वहिनी, तुमचे बाहेर मांडलेले क्रेट आत जाणार. तुमच्यामुळे लोकांना फुटपाथ सोडून रस्त्यावरून चढावं लागतं."

"अहो, पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. चुकले. डॉक्टर, झाड तुटणार नाही. काका, पण फांद्या कापणार. 'अगदी थोडंसंच कापा' म्हणणारी माणसं मी जन्मभर पाहिलीत. किती कापायचं ते मला कळतं."

कुणीतरी हसलं. ताईंना आता अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. एका गृहस्थानं कारंजं दुरुस्त करणार का विचारलं. नाही. दुसऱ्यानं चौकात मोठी कमान उभारणार का विचारलं. नाही. कडेला उभ्या एकानं ही खुर्ची रिकामी आहे का विचारलं, त्यालाही त्या नाही म्हणाल्या, आणि तो बिचारा उभाच राहिला.

"मग करणार तरी काय तुम्ही?" फीतकापे वैतागून म्हणाले. "काही स्वप्न आहे की नाही या शहरासाठी?"

ताईंनी हातातलं पत्रक पाहिलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी खरोखर विचारलाच नव्हता. पार्लरमध्ये लोक आपापली मतं सांगत, ताईंचं विचारत नसत.

"माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हातारी माणसं चढ चढतात आणि अर्ध्यावर माझ्या भिंतीला टेकतात. त्यांना बसायला काही नाही. बायका केस कापायच्या निमित्तानं येतात आणि आधी बाथरूम विचारतात. कित्येकींना केस कापायचेच नसतात, बिचाऱ्या लाजेखातर टोकं कापून घेतात. रस्ता खणणारा सांगून खणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की घरातून बाहेर पडलेल्या माणसाला या शहरात टेकायला बाक मिळावा, स्वच्छ संडास मिळावा, धरायला कठडा मिळावा आणि नळ बंद होणार असेल तर आदल्या दिवशी कळावं. बाकी मला काही सुचत नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडे पाहत होते. घरी जाताना लेक रडवेली झाली होती. "आई, संपलं सगळं."

"हो," नवरा म्हणाला. "पण लिफ्ट हलली."

ताई निवडून आल्या. काठावर, पण आल्या. सगळ्यांनाच नवल वाटलं, सगळ्यांत जास्त ताईंना. मग पार्लरमध्ये खुर्चीत बसलेल्यांच्या बोलण्यातून त्यांना हळूहळू उलगडा झाला. ताईंनी आपल्याला नकार दिला हे कुणाच्या फारसं लक्षातच राहिलं नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "बेकरीवालीला बरं सुनावलंत!" वहिनी म्हणाल्या, "त्या बाईंना तोंडावर नाही म्हणणारं कुणीतरी भेटलं एकदाचं." डॉक्टर काकांच्या फांद्यांवर खूश होते, काका डॉक्टरांच्या अंधारावर. आणि केवळ टोकं कापून घेणाऱ्या बायका तर झाडून साऱ्या मतदानाला गेल्या होत्या.

नगरपालिकेत ताईंना फार कुणी विचारलं नाही. पण त्या रोज दुपारी पार्लर बंद करून तिथे जायच्या आणि बाकाचं काय झालं ते विचारायच्या. उन्हाळा संपता संपता संडास मंजूर झाला, चढाला कठडा लागला आणि माथ्यावरच्या थांब्याला छप्पर आणि बाक आला. बाक सुरेख होता, लोखंडी, हिरवा. फक्त बसवणाऱ्यांनी तो भिंतीकडे तोंड करून बसवला होता.

पहिल्या सकाळी मोठ्या बाई त्यावर जाऊन बसल्या. वहिनींनाही कुठे तरी जायचं होतं, त्या दुसऱ्या टोकाला बसल्या. आधी भिंतीकडे पाहून झालं. मग क्रेटचा विषय निघाला, मग गाजराचा. आवाज इतके चढले की पाठीमागे बस येऊन, थांबून, निघूनही गेली. दोघी उठून तिच्यामागे धावल्या, एकमेकींचा हात धरून, आणि हात हलवत परत आल्या त्या थेट ताईंच्या खिडकीखाली.

"अहो नगरसेविका! बाहेर या!"

ताई हात पुसत आल्या. त्यांनी वर जाऊन बाक पाहिला आणि कपाळावर हात मारला. खात्यात फोन केला, तर कळलं की बाक बसवणं एका विभागाचं काम आणि फिरवणं दुसऱ्याचं.

रविवारी नवरा पाना आणि हातोडी घेऊन निघाला. वहिनींच्या नवऱ्यानं एक बाजू धरली, डॉक्टर बाही वर करून दुसरीकडे आले, आणि वरच्या काकांनी थांब्यासमोरच्या आपल्या खिडकीतून सूचना दिल्या. चार बोल्ट निघाले, बाक गरकन रस्त्याकडे वळला, बोल्ट पुन्हा आवळले गेले. मोठ्या बाईंनी बसून पाहिलं. "पाठ जरा ताठ आहे," त्या म्हणाल्या, "पण चालेल."

वहिनी खाली बेकरीतून गरम पाव घेऊन आल्या आणि आधी ताईंच्या नवऱ्याच्या हातात दिला. तेवढ्यात चढावर बस दिसली. सगळ्यांनी ती बसल्या जागेवरून येताना पाहिली.