बांगडीएवढी विहीर

माझ्या आयुष्याची तीस वर्षं एकास शंभर या मापात गेली. जगातला एक मीटर म्हणजे माझ्या टेबलावरचा एक सेंटिमीटर. बिल्डर लोक इमारत बांधण्याआधी तिचं मॉडेल करून घेतात, विक्रीच्या ऑफिसात काचेखाली ठेवतात, आणि गिऱ्हाईक एका चिमुकल्या खिडकीवर बोट टेकवून म्हणतं, "ही आपली." ती मॉडेलं मी करायचे. ‘आधी कळस मग पाया’ असं लोक चेष्टेनं म्हणतात. आमच्या धंद्यात तोच रीतसर क्रम. जमिनीत कुदळ पडलेली नसायची आणि मी तिसाव्या मजल्यावरची पाण्याची टाकी रंगवून मोकळी झालेली असायचे.

कोथरूडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं वर्कशॉप होतं. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग. दुपारी वरून पोरांचा एका सुरात सूत्रं म्हणण्याचा आवाज यायचा, खाली फेविकॉलचा आणि रेझिनचा वास भरलेला असायचा, आणि त्या दोन्हींच्या गुंगीत मी हनुवटी टेबलाला टेकवून बसायचे. डोळे जमिनीच्या पातळीला आले की मॉडेल मोठं व्हायला लागतं. स्पंज किसून केलेल्या झाडांखाली सावली पडते. गॅलरीत कुणीतरी साडी वाळत घालतंय असं वाटतं. मी अशा कितीतरी रस्त्यांवरून चाललेय, जे पुढे कधी झालेच नाहीत. एखाद्या बिल्डरनं प्रकल्प गुंडाळला की मला खरंच वाईट वाटायचं, कारण माझी तिथली माणसं बेघर व्हायची. माझी आई म्हणायची, "हिला जेवायला वाढायचं तर आधी हिला त्या खिडकीतून बाहेर काढा."

मला एक खोड होती. बाकीचे मॉडेलवाले नकाशा हातात आला की कापाकापी सुरू करतात. मी आधी एकदा जागेवर जाऊन यायचे. उघड्या रानात उभी राहून वर बघायचे आणि आभाळात मजले मोजायचे. या खोडीपायीच ती विहीर माझ्या वाट्याला आली.

काम मोठं होतं. तीन टॉवर, खाली दुकानं, त्यावर काही मजले ऑफिसं, आणि त्याच्यावर घरं. गाव नुकतंच महापालिकेत गेलेलं. जमीन एका शेतकरी कुटुंबाची, आणि त्यांनी बिल्डरशी करार केला होता: जमीन आमची, बांधकाम तुमचं, होणाऱ्या घरांत आमचा हिस्सा. मी गेले तेव्हा ज्वारी काढून नेलेलं रान होतं. मधोमध दगडी विहीर, तिच्या कडेला उंबर, आणि उंबराखाली साठीची एक बाई सात दगडांना शेंदूर लावत बसलेली. साती आसरा, विहिरीतल्या पाण्याच्या देवता. त्यांच्या पुढ्यात दहीभात आणि हिरव्या बांगड्या.

"बिल्डरच्या हापिसातल्या का तुमी?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. मी त्यांचं मॉडेल करते. म्हणजे खेळण्यातली इमारत."

"मंग त्यात माजी हीर बी करा."

विहिरीला ती हीर म्हणायची. ती लग्न होऊन आली त्या वर्षी दुष्काळ होता आणि घरच्यांनी विहीर आणखी खाली खणायला काढली होती. पोटात पहिलं मूल असताना हिनं तळाच्या दगडमातीच्या पाट्या डोक्यावरून वर आणल्या. पाणी लागलं त्या दिवशी पहिली कळशी तिनं भरली. "सातबाऱ्यावर हिरीची नोंद हाय," ती म्हणाली, "माजी न्हाई." जमिनीच्या त्या कागदावर नावं नवऱ्याची आणि दोन मुलांची. करारावर सह्याही त्यांच्याच. हिला विचारलं कुणी नव्हतं. एवढंच सांगितलं होतं की, आई, विहिरीला कुणी हात लावणार नाही. त्या एका शब्दावर ती गप्प राहिली होती.

नकाशा माझ्या पिशवीत होता. विहिरीच्या जागी त्यात तळघरातल्या पार्किंगला उतरणारा रॅम्प होता. मुलं तिच्याशी खोटं बोलली होती, की त्यांनीही नकाशा धड पाहिला नव्हता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी तो बाहेर काढला नाही. काही कारण नसताना विहिरीच्या कडेनं पावलं टाकून तिची रुंदी मोजली. वीस फूट भरली.

त्यानंतर महिन्याभरानं, एका दुपारी, ती वर्कशॉपच्या दारात उभी. धाकट्या मुलानं मोटारसायकलवरून आणून सोडलं होतं आणि तो रस्त्यावर फोनवर बोलत होता. ती आत आली, चपला बाहेर काढून. टॉवरांकडे तिनं बघितलंही नाही. टेबलाभोवती फिरत बोटानं रस्त्याचं वळण शोधलं, वळणावरून आत आली आणि एका जागी बोट थांबवलं.

"हितं," ती म्हणाली. "हितं कुठंय?"

तिच्या बोटाखाली अजून मॉडेलच्या तळाची नुसती पाटी होती. रॅम्पचा तुकडा कापून बाजूला ठेवलेला होता. खरं सांगायची तीच वेळ होती. पण तिच्या बोटाचं टोक पांढरं पडेस्तोवर तिनं ते दाबून धरलं होतं, आणि मला धीर झाला नाही.

"लावायचीय अजून," मी म्हणाले. वेळ मारून नेली, झालं.

तिनं कमरेची चंची सोडली आणि त्यातून काचेची एक हिरवी बांगडी काढून टेबलावर ठेवली. "आसरांची हाय. परसाद म्हून ऱ्हाऊ द्या."

ती गेल्यावर मी सहज बांगडीला पट्टी लावली. सहा सेंटिमीटर. वीस फुटांची विहीर माझ्या मापात सहाच सेंटिमीटर होते. वरच्या मजल्यावर पोरं सूत्रं घोकत होती आणि मी ती बांगडी पाटीवर ठेवून तिच्याकडे बघत बसले. मग कधी हात चालायला लागले ते कळलं नाही. बांगडीला दगडी रंग दिला, फक्त आतली कड हिरवी ठेवली. आत गडद रेझिन ओतलं. तांब्याच्या तारा पिळून उंबर केला. मोहरीचे सात दाणे शेंदरी रंगवून उंबराखाली चिकटवले. ते वाळेपर्यंत हनुवटी टेकवून बसले, तर पाण्यात उंबर हलताना दिसला. ते माझ्याच श्वासानं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी श्वास रोखला नाही.

बेत साधा होता. तिला पुन्हा बोलवायचं, दाखवायचं, आणि मग विहीर काढून रॅम्प बसवायचा. रॅम्प मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

बुकिंग दसऱ्याला सुरू होणार होतं. शेवटचे आठ दिवस बुधवार पेठेतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांतून इवले दिवे आणणं, खिडक्याखिडक्यांत वायरी ओढणं, यात कसे गेले कळलं नाही. मॉडेल न्यायला बिल्डरसाहेब जातीनं आले. टॉवरभोवती दोन फेऱ्या मारल्या, दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे तीनदा लावून बघितले, आणि माल पोचल्याच्या चलनावर नेहमीचं वाक्य लिहून सही केली: ‘नकाशाप्रमाणे तपासून ताब्यात घेतले.’ टेम्पो गेला. मी घरी जाऊन झोपले.

दसऱ्याच्या सकाळी पट्टी शोधायला ड्रॉवर उघडला, तर आत रॅम्प.

रिक्षानं तशीच विक्रीच्या ऑफिसात गेले, रॅम्प पर्समध्ये घालून. तिथे झेंडूची तोरणं, पेढे, ही गर्दी. मॉडेलभोवती लोक तीन रांगा करून उभे होते आणि विक्रीचा एक चुणचुणीत माणूस काचेवर काठी टेकवून सांगत होता, "आणि ही आपली हेरिटेज विहीर. दोनशे वर्षांची. आपण ती जशीच्या तशी जपतोय." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. लोक मात्र टॉवर सोडून विहिरीवर वाकत होते. एक लहान मुलगी मोहरीचे दाणे मोजत होती.

पहिल्या रांगेत ती होती, नव्या साडीत. मला बघून जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "दोनशे? मी येवढी म्हातारी दिसती का वं?" आणि तोंडाला पदर लावून हसली.

मी पर्स उघडलीच नाही.

पुढचं पुण्यात पुष्कळांनी पाहिलंय. टॉवर दहाबारा मजले चढले आणि थांबले. बिल्डरचं कुठे काय अडलं ते अडलं. काही वर्षं नुसते खांब आणि गंजलेल्या सळया उभ्या होत्या. मी बसमधून त्या बाजूनं जायचे तेव्हा तो सांगाडा दिसायचा आणि मी मनातल्या मनात त्याच्या खिडक्यांत दिवे लावून यायचे. विहीर तेवढी राहिली होती. खोदकाम तिच्यापर्यंत पोचायच्या आत काम बंद पडलं होतं.

मग दुसऱ्या एका कंपनीनं सगळा प्रकल्प घेतला आणि मला फोन आला. ऑफिस चकचकीत, अधिकारी तरुण, बोलणं अदबीचं. विहीर बुजवून रॅम्प करायला ते निघाले, तर बुकिंग केलेले लोक मॉडेलचे फोटो घेऊन आडवे आले होते. जे दाखवून विकलं ते दिलंच पाहिजे, असा कायदा तोवर आला होता.

"मंजूर नकाशात विहीर नाही," अधिकारी म्हणाला. "आपण ती कोणाच्या सांगण्यावरून लावलीत?"

"कुणाच्याच नाही. माझी चूक."

त्याचा चेहरा उजळला. "मग एवढंच लिहून द्या, मॅडम. आमची आणखी कामं निघतायत शहरात. मॉडेलं लागतीलच."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे मला कळत होतं. सगळे बिल्डर एकमेकांना ओळखतात. मी पन्नाशीला आलेली, दुसरं कुठलंही काम न येणारी बाई. मला भीती वाटली, चांगलीच वाटली.

"लिहून देते," मी म्हणाले. "विहीर मी चुकून ठेवली, हे खरंच आहे. आणि मॉडेल तपासून, सही करून आधीच्या बिल्डरसाहेबांनी ताब्यात घेतलं, हेही खरं आहे. दोन्ही लिहिते. चलन सोबत जोडते. एक प्रत तुम्हाला, एक त्या लोकांना."

"दुसऱ्या वाक्याची काही गरज नाही."

"पहिल्याची तरी कुठे होती?"

त्यांच्याकडून मला कधी काम आलं नाही. इतरांकडूनही हळूहळू बंद झालं. पुढे मी शाळांसाठी किल्ले आणि धरणं केली. त्या चलनामुळे रॅम्प मात्र टॉवरच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि विहीर राहिली.

संकुल पुरं झाल्यावर एकदा गेले. जुनं मॉडेल मागच्या शेडमध्ये धूळ खात पडलं होतं. ‘भंगारात जायचंय, काय पाहिजे ते न्या,’ वॉचमन म्हणाला. मी पात्यानं आतलं रेझिन कापून हळूच बांगडी सोडवली, रुमालात गुंडाळली आणि लिफ्टकडे निघाले. विहीर वाटेतच होती. भोवती स्टीलचा कठडा, वर जाळी, जाळीला कुलूप. बाजूला पाटी: ‘ही विहीर सोसायटीची सामाईक मालमत्ता आहे. नैवेद्य टाकू नये. वाकून पाहू नये. सांगूनही वाकल्यास सोसायटी जबाबदार नाही.’

मावशी विसाव्या मजल्यावर, धाकट्या मुलाच्या घरात. गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. मी रुमाल सोडला आणि तेवढ्यात तिचे हात बघितले. मोकळे. मालक मागच्या वर्षी गेले, म्हणाली. हिरवी बांगडी हातात घेऊन मी नुसती उभी. मला रडू यायला लागलं.

"आता नावं कुणाकुणाची लागली वं जिमिनीवर?" तिनं विचारलं.

"सोसायटीचं. म्हणजे सगळ्या घरवाल्यांचं मिळून."

"ह्ये घर लेकाच्या नावावर हाय." ती म्हणाली, "मंग अजून बी माजं न्हाईच."

"नाहीच, मावशी," मी कबूल केलं. दुसऱ्यांदा तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं.

तिनं माझ्या हातातली बांगडी घेतली. घालायला नव्हे. कठड्याशी गेली, हात सरळ लांब केला, बांगडी खाली विहिरीच्या दिशेनं धरली आणि एक डोळा मिटला. जरा उजवीकडे, जरा खाली.

"बसली," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्याला गाल लावून बघितलं. विसाव्या मजल्यावरून विहीर बांगडीत बरोबर बसली होती. ना कमी, ना जास्त. कठडा, पाटी, सगळं बांगडीच्या काठामागे झाकलं गेलं होतं, जाळी एवढ्या उंचीवरून दिसत नव्हती आणि आत नुसतं पाणी होतं.

बराच वेळ झाला तरी ती हात खाली घेईना.

"मावशी, हात भरून येईल."

"यीऊ दे," ती डोळा न उघडता म्हणाली. "पाट्या वाहिल्या तवा न्हाई आला."

पण हात थरथरायला लागला होता आणि विहीर काठाबाहेर सांडत होती. मग मी तिच्या कोपराखाली माझा हात धरला.