दाभणाने शिवलेली बॅग

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले. त्यामुळे अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची… यातलं काही मी आमच्या घरात कधी पाहिलेलं नाही. या सदरातले अनुभव वाचून मी ऑफिसात हसायचो. आता मीच लिहितोय, तर तुम्हीही खुशाल हसा.

आमचं गाव वालूर, तालुका सेलू. बाबा सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते, मी तिथल्याच एका शाळेत क्लार्क आहे. थोरली बहीण वर्षाताई नवऱ्याबरोबर मस्कतला असते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले, पण डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते राहिलं. मग आईच तिकडे निघाली — माहेर बॅगेत भरून.

बॅगेत काय होतं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे तान्ह्या लेकराच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावतात. घरातल्या मोठ्या माणसाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आईनं आपल्या लुगड्याची दुपटी शिवली, बाबांच्या धोतराचे लंगोट केले आणि एक कुंची केली, तिला हिरव्या काठाचे बंद. सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा. बाबांचा चेनवर भरवसा नाही. त्यांनी बॅगेवर जाड कापड चढवलं आणि मोंढ्यात पोत्याचं तोंड शिवतात तसं दाभण घेऊन सुतळीनं शिवून टाकलं. शेवटच्या टाक्याला दुहेरी गाठ मारून टोक आत दाबायचं, ही त्यांच्या हाताची सवय. मोंढ्यात नुसतं पोतं बघून लोक ओळखायचे, हे यांनी शिवलंय म्हणून.

"बाबा, विमानात कुणी असं पोतं शिवून नेतं का?" मी म्हणालो.

"कुणी हात घालायला नको," बाबा म्हणाले. "लेकराचं सामान हाय."

आई पोचली, बॅग पोचली नाही. विमान कंपनीचं नाव घेत नाही. उद्या येईल, परवा येईल असं चाललं होतं, तेवढ्यात ताईला अवेळीच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. पण तो रडलाच नाही.

त्याला दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून दिलं. तिकडेच मूठमाती दिली. आई अजून तेच धरून बसते, "आपल्या घरचं एक फडकंसुदिक लागलं न्हाई त्याच्या अंगाला."

पुढे आई ताईला घेऊन वालूरला आली. ताई जेवायची, विचारलं तर बोलायची. पण ती रडली नव्हती, एकदाही नाही, आणि आम्हाला त्याचीच भीती वाटायची. एकदा फक्त म्हणाली, "ती बॅग तेवढी मिळव रे. मला दुसरं काई नको."

मी क्लेम लावून धरला. मेलवर मेल, फोनवर फोन. शेवटी कंपनीनं नुकसानभरपाईसाठी सामानाचा तपशील मागितला. वस्तू कोणती, किंमत काय, नवी की वापरलेली, आणि बिलं जोडा म्हणे. लुगड्याच्या दुपट्याचं बिल मी कुठून आणू? ताई शेजारीच बसली होती. मी भीत भीत विचारलं, "कापड जुनं आहे ताई, वापरलेलं लिहू का?"

"नवं लिही," ती म्हणाली. "घातलंय कुठं कुणी."

मी नवं लिहिलं.

भरपाई काही आली नाही, पण काही महिन्यांनी बॅगच आली. म्हणे कुठल्या तरी दुसऱ्याच देशात गोदामात पडून होती. सेलूला कुरिअरकडून घेतली आणि भर दुपारी घरी आणली. बाबांनी टाक्यांवरून बोट फिरवलं, दाबलेलं टोक उकरून गाठ पाहिली. "माझेच टाके हायेत. हात न्हाई लागला कुणाचा." मग स्वतःच सुतळी कापली.

लाडवांना बुरशी आली होती, डब्याचं झाकण मात्र घट्ट होतं. आणि कपडे…

आईनं दुपट्यांच्या चौकोनी घड्या केल्या होत्या. आता घड्या तिरप्या होत्या, लेकराला गुंडाळताना करतात तशा. लंगोट पिवळट झाले होते. कुंचीचे बंद गाठ बसल्यासारखे चुरगळले होते, कडेला काजळ लागलं होतं आणि आत दोन-तीन केस… मक्याच्या कणसाचे असतात तसे मऊ, तांबूस. आंबूस दुधाचा वास घरभर झाला.

मी बोलत सुटलो. तूप पाझरलं असेल, दमट हवा असेल, कुणी उघडून परत शिवली असेल. बाबांनी कापलेली सुतळी माझ्या हातात दिली. गाठ तशीच होती. त्यांच्या गाठीसारखी गाठ मारायला मी लहानपणापासून शिकतोय, मला अजून जमत नाही.

ताईनं कुंची उचलली, नाकाशी धरली आणि रडायला लागली. संध्याकाळपर्यंत रडली. आईनं तिला उगी उगी म्हटलं नाही, नुसती पाठीवर हात ठेवून बसली.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. ओळखीच्या दोघातिघांना विचारून पाहिलं, ते मी आधी देत होतो तीच उत्तरं देतात.

नंतर कंपनीचा फोन आला. बॅग मिळाली, तेव्हा आता क्लेम बंद करतोय, पण सामान खराब झालं असेल तर वेगळी तक्रार करता येईल. झालंय का खराब? ताई अंगणात धुतलेले लंगोट दोरीवर वाळत घालत होती. तिला मी हाक मारून विचारलं.

"खराब न्हाई झालं म्हणावं," ती म्हणाली. "लेकरानं घातलंय."

मी फोनवर 'नाही' एवढंच सांगितलं. क्लेम बंद झाला. कुंची ताईनं अजून धुतलेली नाही.